सातवा सेल हिरवा का पडला नाही

१४ सप्टेंबर १९८७, सोमवार

विद्यापीठाचं पत्र आलं. मुदतवाढ मिळाली, ३१ डिसेंबरपर्यंत, आणि त्यापुढे 'अंतिम' असा शब्द अधोरेखित. तोवर प्रबंध दाखल झाला नाही तर नोंदणी रद्द, म्हणजे पाच वर्षांचं काम रद्दीच्या भावात. पत्र घेऊन माझे मार्गदर्शक सरनोबत सर यांच्या खोलीत गेले. ते म्हणाले, "अगं, डिसेंबर पुष्कळ लांब आहे." सरांना सगळंच लांब दिसतं. रोज रात्री घाबरून उठते ती मी.

बाकीची प्रकरणं टाइप होऊन पडली आहेत. एकच राहिलंय, आणि तेच प्रबंधाचा जीव. आज सहावाही सेल हिरवा पडला.

हे इथे एकदा सरळ लिहून ठेवते, कारण घरात कुणाला सांगायला गेले की माझाच गोंधळ होतो. काचेच्या नळीत एका बाजूला लिथियम धातूची पट्टी, समोर व्हॅनेडियम ऑक्साईडची वडी, म्हणजे कॅथोड, आणि मध्ये द्रव. एवढ्याशा सेलमध्ये शिशाच्या बॅटरीच्या मानाने कितीतरी वीज मावते. पण चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्या सुरू झाल्या की वडी द्रवात विरघळायला लागते, पाण्यासारखा स्वच्छ द्रव आठवड्याभरात हिरवा पडतो आणि सेल मरतो. ते थांबवायला द्रवात थोडं पूरक द्रव्य घालायचं, हा माझा विषय. सरांचा सगळा भरवसा मिथिल फ्युरानवर. उसाच्या चिपाडापासून ते करता येतं, म्हणून हे काम कोल्हापुरातच व्हायला हवं, असं ते दहा वर्षं सांगताहेत. सहाही सेलमध्ये ते घातलं होतं. सहाही हिरवे.

विभागातले चार्जिंगचे संच कायम कुणीतरी अडवलेले असतात. म्हणून ह्यांनी उद्यमनगरात, आमच्या घराच्या पुढच्या भागातल्या वर्कशॉपमध्ये, लेथच्या शेजारी मला एक संच करून दिलाय. वीज गेली की सेल आपोआप सुटा होतो, आली की पुन्हा जोडला जातो. नवऱ्याने बायकोला दागिने करावेत, आमच्याकडे हे. पण काम चोख आहे.

२९ सप्टेंबर, मंगळवार

सातवा सेल काचपेटीत बंद केला. रबरी हातमोज्यांत दिवसभर हात घालून बोटं सुरकुतली. या खेपेला मिथिल फ्युरान नव्याने गाळून घेतलंय, चिपाड कागलच्या गुऱ्हाळावरचं. कडू बदामासारखा वास अजून पदराला आहे.

घरी आले तर चंदगडहून फोन येऊन गेलेला. वडील ओसरीवरून घसरून पडले, खुबा दुखावलाय. उद्या सकाळच्या एस.टी.ने जाते. निघायच्या आधी सेल जोडून जाईन. सासूबाईंना, म्हणजे आक्कांना, बजावलं, "काही झालं तरी हे बंद पडू देऊ नका."

"मी बघतो की. लेकरागत बघतो," म्हणाल्या. इकडच्या बायका 'बघतो'च म्हणतात. चार वर्षं झाली लग्नाला, तरी माझे कान अजून अडखळतात.

४ ऑक्टोबर, रविवार

वडील बरे आहेत, हाड मोडलेलं नाही. काल रात्री उशिरा पोचले, आज सकाळी वर्कशॉपमध्ये गेले आणि बघते तर काय, सेलच्या काचेवर कुंकवाचं बोट! संचावर झेंडूची माळ, दोन पाकळ्या थेट तारांना चिकटलेल्या. लेथ, ड्रिल, पक्कड, हातोडे, सगळी खंडेनवमीची नटूनथटून बसलेली, आणि त्यात माझा सेलही. चंदगडला आम्ही मास्तरांच्या घरातले, पाटीपुस्तकं पुजणारे. हे हत्यारांचं प्रकरण मी कधी धड पाहिलेलंच नाही. दर दसऱ्याला मी चंदगडला नाहीतर प्रयोगशाळेत.

माझा तोल गेला. म्हटलं, "आक्का, लिथियमला पाण्याचं वावडं असतं! कुठे चीर असती आणि ओलं बोट लागलं असतं तर पेट घेतला असता त्याने. याला काही झालं तर माझी पाच वर्षं बुडाली म्हणून समजा."

आक्का पदर सावरत म्हणाल्या, "नुसतं कुकू लावलंय गं. आन्..."

"आणि काय?"

"काय न्हाय."

हे हसत होते. "लेथला लावायचं, ड्रिलला लावायचं, तुझ्या सेलनंच काय घोडं मारलंय?"

सेलचा द्रव मात्र स्वच्छ आहे. कुंकू स्पिरिटने पुसून काढलं. भिंतीवरचं विजेचं घड्याळ सकाळी दहाला पाच वाजल्याचं दाखवत होतं, तेही खुर्चीवर चढून बरोबर केलं. जुनं झालंय. या घरात सगळ्या वस्तूंकडे मीच बघायचं का?

१३ ऑक्टोबर, मंगळवार

सातवा सेल अजून स्वच्छ! बाकीचे एव्हाना शेवाळलेल्या टाकीसारखे झाले होते. सरांना नळी दाखवली तर ते खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेले, उजेडात धरून बघत राहिले. मग म्हणाले, "मी सांगत नव्हतो?" त्यांचे डोळे भरून आले होते, असं मला वाटलं.

घरी काही बोलले नाही. एक तर कळणार नाही, आणि दुसरं म्हणजे बोललं की बिघडतं. मी रसायनशास्त्राची बाई, दृष्ट लागण्यावर माझा विश्वास नाही. तरी नाही बोलले.

आक्का रोज विचारतात, "तुझं ते बरं हाय न्हवं?" मी "बघायचं" एवढंच म्हणते. आणि एक नवीनच. आक्कांनी चहा सोडलाय. ही बाई सकाळी चार बशा चहा प्यायल्याशिवाय कुणाशी बोलत नसे. आता आमच्यासाठी करतात आणि स्वतः पाणी पितात. शेजारच्या तानाबाई कुंपणावरून डोळा मारून म्हणाल्या, "नवस असंल. नातवासाठी सोडत्यात आमच्याकडं." मग उलगडलं. विचारायला गेलेच नाही.

२७ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी आली आणि गेली, मला फराळाची चव कळली नाही. आठवा आणि नववा, दोन्ही सेल हिरवे. तेच द्रव्य, तेवढंच प्रमाण, तीच वडी, तेच हात. सातवा अजून शेजारी स्वच्छ उभा, आणि ह्या दोघांची तोंडं हिरवी.

त्यात सरांनी सातव्याच्या जोरावर जानेवारीतल्या परिषदेला सारांश धाडूनही दिला. आधी मला विचारायचं तरी. म्हणाले, "शुभस्य शीघ्रम्." मला रात्री एकच विचार छळतो, की सातवा म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, एवढंच असलं तर?

आज स्वयंपाकघरात ह्यांच्यापाशी रडले, "सगळं बिघडलं हो." आक्का पाठमोऱ्या भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला. एक भाकरी करपली.

८ नोव्हेंबर, रविवार

चिपाडावर संशय. सातव्याचं चिपाड कागलच्या गुऱ्हाळावरचं, नंतरचं कारखान्यातलं. त्यात काही फरक असेल? ह्यांच्या स्कूटरवरून कागलला गेलो. गुऱ्हाळवाले आकाराम काका काहिलीपाशी उभे होते. मी पोतंभर चिपाड मागितलं.

"पावणं, गूळ न्या की. ऊन ऊन हाय. चिपाडं काय करताय, ढोरं हाईत व्हय?"

"त्यातून औषध काढायचंय. बॅटरीच्या सेलसाठी."

त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी नुसती मान हलवली, जशी आजारी माणसाबद्दल हलवतात. काकांनी पोतं भरून दिलं आणि वर गुळाची एक ढेप. "बाईंना पित्त झाल्यालं दिसतंय. गूळ द्या सकाळी," असं ह्यांना हळूच सांगितलं. परत येताना हे रस्ताभर हसत होते. मी पण हसले. किती दिवसांनी.

२१ नोव्हेंबर, शनिवार

कागलच्या चिपाडाचे दहावा आणि अकरावा. हिरवे. गूळ संपला, पित्त आहे तिथेच.

सरांकडे गेले. त्यांनी बराच वेळ पेन्सिलीशी चाळा केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सातव्याचे आकडे खरे आहेत ना? मग सातव्यावरच लिही. बाकीच्यांत हवा शिरली असेल, ओल असेल. प्रत्येक प्रयोगात असं चार-दोन वेळा होतंच."

"सर, चार-दोन वेळा नाही. सातवा सोडून प्रत्येक वेळा."

"कालिंदी, ३१ डिसेंबर ही तारीख मी ठरवलेली नाही."

त्यांची नोकरीची दोनच वर्षं राहिलीत. त्यांना हे खरं ठरायला हवंय आणि मलाही. घरी येऊन लिहायला बसले: 'मिथिल फ्युरानमुळे कॅथोडची झीज थांबते, असे दिसून आले.' वाक्य चांगलं झालं, व्याकरणशुद्ध. वाचलं आणि कागद उलटा करून ठेवला. फाडलं नाही मात्र. फाडण्याइतकी मी शूर नाही.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज आक्का उद्यमनगरातून अंबाबाईच्या देवळापर्यंत अनवाणी चालत गेल्या. म्हणे दर शुक्रवारी जातात, मला आज कळलं. टाच फुटून रक्त आलेलं. हे म्हणाले, "ऐकत न्हाय ती."

मी तेल लावायला गेले तर पाय आखडून घेतला. "ऱ्हाऊ दे. तुला काम हाय."

मला राग आला, लिहूनच टाकते. सरळ विचारावं ना, की मूल कधी? ही काय रीत, न बोलता उपाशीतापाशी राहून माणसाला लाजवायची? लग्न होऊन आले तेव्हाही असंच. महिनाभर मला चुलीपुढे बसू दिलं नाही. "तू बस गं, तू बस." मास्तराची पोर, हिला काय येतंय, असं वाटलं असणार. मी पाहुण्यासारखी कोपऱ्यात बसून रडायची. आताही या घरात मी नातवाची वाट बघण्याची एक जागा आहे, बाकी काही नाही.

५ डिसेंबर, शनिवार

उशीर झालाय, पण आजचं आजच लिहायला हवं.

बारावा हिरवा पडला. वर्कशॉप बंद झाल्यावर लेथपाशी स्टुलावर बसून मी मोठ्याने रडत होते. मागे आक्का कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही.

"कालिंदी, मला काय बोलायचं त्ये बोल. मीच बिघाडलं तुझं."

मला वाटलं, कुंकवाचं मनाला लावून घेतलंय. म्हटलं, "आक्का, कुंकवाने काही झालेलं नाही."

"कुकवाचं न्हवं गं. मेन." त्यांनी भिंतीवरच्या मोठ्या खटक्याकडे बोट दाखवलं. "तू चंदगडला गेलीस आन् मी मेन काढलं. खंडेनवमीला समदी हत्यारं धुऊन पुसून ठेवत्यात, मग दसऱ्याचं शिलंगण हुईस्तवर त्येस्नी हात लावत न्हाईत. काढताना तुझं बोलणं ध्येनात हुतं. पर त्ये एकट्यानंच का म्हणून राबायचं? आन् नवं जोडल्यालं. नव्यानं आल्याल्या जिवाला लगीच कामाला जुंपू न्हाय. तुलाबी महिनाभर चुलीम्होरं बसू दिलं न्हाय न्हवं मी?"

मी स्टुलावरून उठले.

"शनवारी दुपारी माझ्या बाळासोनं मेन लावलं. त्येला काय त्येचं, दरसालचं हाय. तू आलीस, वरडलीस, मग माझी जीभच रेटंना. तवापास्नं तुझं समदं बिघाडतंच चाललंय. म्हणून च्या सोडला. आईला सांगितलंय, पोरीचं काम सुधारू दे, तवर च्याला शिवणार न्हाय, दर शुक्रवारी अनवाणी यीन."

नातू नव्हता त्यात. नातवाचं नावही नव्हतं. माझ्या सेलसाठी होतं ते सगळं.

मला आधी रडू आलं, मग हसू. तेवढ्यात समोरच्या भिंतीवर ते घड्याळ दिसलं. त्या रविवारी त्यात दहाला पाच वाजलेले. मीच खुर्चीवर चढून बरोबर केलं होतं.

६ डिसेंबर, रविवार

रात्रभर हाच विचार. प्रत्येक सेल मी बंद केल्या केल्या जोडत आले, कारण मुदत मानेवर. सातवाही जोडला, पण मी एस.टी.त बसत होते तोवर मेन निघालं आणि सेल सुटा झाला. नुसता पडून राहिला, द्रवात वडी भिजत, तीन दिवस आणि वर पाच तास, जे घड्याळाने मागे पडून दाखवले होते. मिथिल फ्युरानला लिथियमवर आणि वडीवर आपली साय धरायला वेळ मिळाला असेल का? आणि बाकीच्यांत साय धरायच्या आधीच फेऱ्या सुरू झाल्या आणि वडी विरघळायला लागली?

की हेही मला हवंय म्हणून दिसतंय? फेऱ्या मी दिवसांवरून मोजते, म्हणजे सातव्याच्या फेऱ्याही जास्त धरल्या गेल्या. पण त्या वजा केल्या तरी तो बाकीच्यांच्या कितीतरी पुढे आहे.

आक्कांना म्हटलं, "आता तरी चहा घ्या. तुम्ही काही बिघडवलं नाही. उलट झालं असेल."

"असंल म्हंजे? सुधारलं का?"

"अजून माहीत नाही."

"मग न्हाय. बोलल्यालं मधीच मोडत न्हाईत."

८ डिसेंबर, मंगळवार

काल सरांना सगळं सांगितलं. आधी चेहरा पडला. म्हणाले, "म्हणजे फ्युरानचं श्रेय गेलं?" मग स्वतःच म्हणाले, "नाही, थांब. विसावा दिलेला, पण फ्युरान नसलेला एक सेलही हवा." पुन्हा पूर्वीचे सर झाले. दारापर्यंत येऊन विचारलं, "पण परीक्षकांना खंडेनवमी कशी सांगायची?"

आज तीन सेल बंद केले. तेरावा: फ्युरान आणि तीन दिवस विसावा. चौदावा: फ्युरान, पण लगेच जोडायचा. पंधरावा: नुसता विसावा, फ्युरान नाही. यापुढे परत करायला वेळ नाही. हे शेवटचे.

१० डिसेंबर, गुरुवार

काहीही न करणं इतकं अवघड असतं हे माहीत नव्हतं. तेरावा पडून आहे. दिवसातून दहा वेळा जाऊन बघते. हात शिवशिवतात, वाटतं जोडून टाकावा, एक दिवस तरी वाचेल. आज हात तारेपर्यंत गेला होता. आक्का दारात लसूण सोलत बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "इसावा म्हंजे इसावा." मी परत आले आणि त्यांच्याबरोबर लसूण सोलला.

१६ डिसेंबर, बुधवार

चौदावा हिरवा. तो पडणारच होता. पंधरावा पिवळट, म्हणजे हिरव्याच्या वाटेवर. तेरावा स्वच्छ. पण सातव्या दिवशी सहावाही स्वच्छ होता आणि आठव्या दिवशी सकाळी गेला होता. काही बोलायचं नाही.

टायपिस्ट विचारतोय, शेवटचं प्रकरण कधी. जेवण जात नाही. आक्का माझ्या ताटात बघतात आणि स्वतःही अर्धी भाकरी टोपलीत परत ठेवतात.

२४ डिसेंबर, गुरुवार

तेरावा स्वच्छ. पंधरावा पूर्ण हिरवा. म्हणजे नुसत्या फ्युरानने होत नाही, नुसत्या विसाव्यानेही होत नाही. दोन्ही लागतं. सर सकाळीच वर्कशॉपवर आले, तिन्ही नळ्या ओळीने बघितल्या आणि तेराव्याशी इतका वेळ थांबले की ह्यांनी त्यांना स्टूल आणून दिलं.

ते जुनं वाक्य आज फाडलं. नवं लिहिलं: 'पूरक द्रव्य घातलेला सेल पहिल्या फेरीपूर्वी तीन दिवस न जोडता ठेवल्यास कॅथोडची झीज लक्षणीय कमी होते.' खाली सातव्या सेलबद्दल: 'हे प्रथम घरगुती कारणाने वीज बंद असताना आढळले.' सरांनी 'घरगुती' खोडलं, 'धार्मिक' केलं, तेही खोडलं, आणि शेवटी 'खंडेनवमीनिमित्त' असं लिहून टाकलं. "विचारू देत काय विचारायचं ते," म्हणाले. आठवडा आहे हातात. टाइप होईल.

ते गेल्यावर आक्कांना बोलावलं. त्यांना माझं तोंडी खरं वाटेना. नळी स्वतःच्या हाताने दिव्यापुढे धरली, एक डोळा मिटला, मागे आपलं बोट धरून बघितलं.

"बोट दिसतंय की गं."

"दिसतंय ना?"

"पाण्यासारखं हाय. मग सुधारलं म्हनायचं?"

"सुधारलं, आक्का."

नळी माझ्या हातात देऊन त्या आत गेल्या. मी मागोमाग गेले. आधण ठेवायला हात पुढे केला होता त्यांनी. तो मी धरला आणि म्हटलं, "तुम्ही बसा." लग्न होऊन आले तेव्हा 'तू बस' असं त्याच मला म्हणत होत्या, आणि चार वर्षं मी त्यावरून काय काय मनात बोलत गेले, ते मलाच माहीत. फुटलेली टाच पोटाशी घेऊन त्या पाटावर बसल्या. मी गूळ जरा जास्तच घातला. पहिली बशी घाईने उचलताना थोडा चहा लुगड्यावर सांडला. डोळे मिटून प्याल्या.

मग बशी पुढे केली. मी दुसरी ओतली.